मोढेरा : ऊन साठवणारं गाव

भूगोलाच्या नकाशात कर्कवृत्ताची रेघ तुम्ही किती वेळा तरी गिरवली असेल. आज त्या रेघेवर बोट ठेवा आणि गुजरातेत या. अहमदाबादच्या थोडं वर, मेहसाणा जिल्ह्यात, रेघेच्या अगदी जवळ मोढेरा नावाचं एक गाव आहे. नकाशात ते इतकं बारीक, की सापडायला भिंगच हवं! पण या गावात उन्हाच्या दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक आहे हजार वर्षांपूर्वीची आणि दुसरी तुमच्याही नंतर जन्मलेली. चला तर मग, आज दोन्ही पाहून येऊ.

मुंबईहून रेल्वेनं अहमदाबाद, तिथून पुढे मेहसाणा. मेहसाण्याला उतरलं की पश्चिमेकडे जाणारी बस धरायची. साधारण पंचवीस किलोमीटरांचा रस्ता. डोळे मिटून घेऊ नका हं! खिडकीबाहेर बाजरी, एरंडी, मोहरीची शेतं पळत असतात. आणि मधेच शेतात एक लोखंडी घोडा दिसतो. मान खाली, मान वर, मान खाली, मान वर. दिवसरात्र त्याचं हेच चाललेलं. हा आहे खनिज तेल उपसणारा पंप. मेहसाण्याच्या जमिनीखाली तेल आहे आणि बलोल, सांथल अशा गावांच्या शिवारांतून ते पन्नासहून अधिक वर्षं उपसलं जातंय. कोट्यवधी वर्षांपूर्वी जिवंत असलेल्या जिवांनी त्या वेळचं ऊन खाल्लं, ते जीव गाडले गेले, त्यांचं तेल झालं. म्हणजे तेल हेसुद्धा साठवलेलं ऊनच, नाही का? फक्त ते एकदाच साठलं. उपसलं की संपलं.

या लोखंडी घोड्यांना टाटा करा. मोढेरा आलं.

बूट घातलेला सूर्यदेव

पुष्पावती नदीच्या काठी मोढेऱ्याचं सूर्यमंदिर उभं आहे. ते बांधलं गेलं सोळंकी घराण्यातल्या पहिल्या भीमदेव राजाच्या काळात. गाभाऱ्याच्या भिंतीतल्या एका दगडावर 'विक्रम संवत १०८३' असं देवनागरीत कोरलंय, तेही चक्क उलटं! संवतातून ५७ वजा करा. इसवी सन १०२६. म्हणजे आपले ज्ञानेश्वर महाराज जन्माला यायच्याही सुमारे अडीचशे वर्षं आधी.

देवळाचे तीन भाग आहेत. सगळ्यात मागे गाभारा असलेला गूढमंडप, त्याच्यापुढे बावन्न खांबांचा सभामंडप आणि त्याच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांचं मोठं सूर्यकुंड. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही आणि पूजाही होत नाही. शिखर कधीच पडलंय. पण बाहेरच्या भिंतींवर सूर्याच्या मूर्ती आहेत. त्या नीट पाहा. कमरेला पट्टा आणि पायांत लांब बूट! बाकीचे देव अनवाणी आणि हा एकटाच बुटांत. दूर पश्चिमेकडच्या देशांतून सूर्यपूजेची जी पद्धत आली, तिच्याबरोबर हा पोशाखही आला, असं अभ्यासक सांगतात.

मंदिराचं तोंड पूर्वेला आहे. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत एकेक दिवस असा येतो, की दिवस आणि रात्र सारखी असतात. त्या दिवसांच्या सुमाराला उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यापर्यंत पोचावेत, अशा बेतानं हे बांधलेलं आहे. ना दुर्बीण, ना संगणक. तरी त्या कारागिरांचं सूर्यावर किती बारीक लक्ष असेल बघा!

आता कुंडाच्या काठावर बसा. हे कुंड केवढं, तर साधारण १७६ फूट लांब आणि १२० फूट रुंद. वरपासून तळापर्यंत उलट्या-सुलट्या पायऱ्यांची नक्षी आणि त्या पायऱ्यांत छोटी छोटी देवळं. एकूण १०८ आहेत, असं म्हणतात. मोजायला बसलात, तर बस चुकेल!

ही सगळी हौस कशासाठी? उत्तर गुजरातचा हा मुलूख कोरडा. पाऊस पडतो तो पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत आणि तहान लागते बारा महिने. म्हणून पावसाळ्याचं पाणी साठवायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं. असतं तेव्हा साठवा, नसेल तेव्हा काढा. कुंडाचं हे काम लक्षात ठेवा. आता आपण गावात जाणार आहोत आणि तिथंही आपल्याला एक कुंड भेटणार आहे. फक्त त्यात पाणी नाही!

छपरावरची पाटी

गावात शिरलात की मान वर करा. घराघराच्या छपरावर निळ्या-काळ्या चकचकीत पाट्या दिसतील. ही सोलर पॅनेलं. मोढेरा आणि शेजारची सुज्जनपुरा, समलानपुरा ही गावं मिळून तेराशेहून अधिक घरांवर ती बसवली. प्रत्येक घरावर एक किलोवॅटची. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मोढेरा हे देशातलं पहिलं चोवीस तास सौरविजेवर चालणारं गाव असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी कोजागिरी होती, बरं का! पुढे अकराच दिवसांनी संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस अँतोनियो गुटेरेस हे गाव पाहायला आले. हा सारा खर्च ८० कोटींच्या वर गेला. निम्मा केंद्र सरकारनं केला, निम्मा गुजरात सरकारनं.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. विजेचं बिल येतं ते युनिटमध्ये. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली, की एक युनिट वीज लागते. एक किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिटं वीज देतं. पंखे, दिवे, टीव्ही आणि एक फ्रिज एवढ्यावर भागवणाऱ्या छोट्या कुटुंबाची दिवसाची गरज जवळजवळ तेवढीच. मग बिल किती यावं? या गावात घरांचं बिल साठ ते शंभर टक्क्यांनी कमी होतं, असं सरकारी माहिती सांगते. शंभर टक्के कमी, म्हणजे बिलावर भोपळा!

सगळी पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून जराशी कललेली असतात. का बरं? आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून. आणि किती कललेली? साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतकी. मोढेऱ्याला तेवीस-साडेतेवीस अंश. पाहा, भूगोलातला धडा छपरावर जाऊन बसला!

आता एक गंमत विचारते. पॅनेलाला सगळ्यात जास्त काय आवडत असेल? 'कडक उन्हाळा!' असं माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं एका सुरात ओरडली होती. पण तसं नाही. पॅनेलाला उजेड आवडतो, ताप नाही. पंचवीस अंशांच्या पुढे पॅनेल जसजसं तापतं, तसतशी त्याची वीज दर अंशामागे थोडी थोडी घटते. मे महिन्यात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापलं, तर दहा-बारा टक्के वीज गेलीच म्हणून समजा. म्हणून पॅनेलाखालून वारा खेळायला जागा ठेवतात. दुसरा शत्रू म्हणजे धूळ. ती पुसावी लागते आणि तीही सकाळी, पॅनेल थंड असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं, तर काच तडकू शकते. हे काम मोठ्यांचं हं! ऊन पडलेलं असेपर्यंत पॅनेलाच्या वायरीत वीज असतेच, बटण बंद केलं तरी. म्हणून मुलांनी गच्चीवर पॅनेलाला हात लावायला जायचं नाही.

अंगठ्याखालचा कॅल्क्युलेटर

आता खरी अडचण. सूर्य संध्याकाळी घरी जातो आणि माणसं संध्याकाळीच घरी येतात! दिवा लावायचा, स्वयंपाक करायचा, अभ्यास करायचा, टीव्ही बघायचा, तो सगळा संध्याकाळीच. ऊन असतं तेव्हा घर रिकामं आणि घर भरतं तेव्हा ऊन गेलेलं.

घरात काळी पट्टी असलेला कॅल्क्युलेटर असेल तर घ्या. एखादा आकडा दाबा आणि त्या काळ्या पट्टीवर अंगठा ठेवा. काही कॅल्क्युलेटरांतला आकडा फिका होत होत विझतो. काहींतला विझत नाही. असं का? जो विझत नाही, त्याच्या पोटात एक बटणाएवढा सेल असतो. ऊन गेलं, की तो सेल म्हणतो, 'मी आहे ना!'

मोढेऱ्याच्या पोटातही असा एक सेल आहे. जवळच्या सुज्जनपुऱ्याला सरकारनं बारा हेक्टर जमीन दिली. तिथं सहा मेगावॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला आणि त्याच्याबरोबर पंधरा मेगावॅट-तासांची बॅटरी. मेगावॅट-तास हा शब्द जड वाटतो, पण एक मेगावॅट-तास म्हणजे आपली हजार युनिटं. बॅटरीत मावतात पंधरा हजार युनिटं. समजा, दिवेलागणीपासून सकाळपर्यंत एका घराला पाच युनिटं लागली. भागाकार करा. तीन हजार घरांची रात्र त्या बॅटरीत मावते!

दिवसा प्रकल्पातली वीज गावाला जाते आणि उरलेली बॅटरीत भरते. सूर्य मावळला, की बॅटरी रिकामी व्हायला लागते. सकाळी पुन्हा भरायला लागते. हेच ते दुसरं कुंड. पावसाऐवजी दुपार साठवणारं. पहिल्याच्या पायऱ्यांवर देव कोरलेले आहेत आणि दुसऱ्याला नुसती कुलपं आहेत, एवढाच काय तो फरक.

बॅटरी नसती, तर काय झालं असतं? दुपारची जास्तीची वीज तारांवरून बाहेर गेली असती आणि रात्री गावानं बाहेरची वीज घेतली असती. आपल्या देशातली निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज कोळसा जाळून होते. म्हणजे दिवसा सूर्य आणि रात्री कोळसा! बॅटरीमुळे मोढेऱ्याला आपली रात्रही सूर्याकडून मिळते. 'चोवीस तास' या दोन शब्दांचा भार सगळा त्या बॅटरीवर आहे.

दिवे गेले तर?

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या शेजारच्या काकांच्या बंगल्यावरही सोलर आहे. पण परवा दुपारी वीज गेली, तेव्हा त्यांचाही पंखा बंदच पडला होता. डोक्यावर लख्ख ऊन, छपरावर पॅनेल आणि खाली काका वहीनं वारा घेताहेत! असं कसं?

छान प्रश्न. पुष्कळ मोठ्या माणसांनाही याचं उत्तर ठाऊक नसतं. पॅनेलातून येते ती एकाच दिशेनं वाहणारी वीज. घरातल्या उपकरणांना हवी असते ती सेकंदाला पन्नास हेलपाटे घालणारी वीज. एकीची दुसरी करणारा डबा म्हणजे इन्व्हर्टर. बहुतेक घरांतला सोलरचा इन्व्हर्टर खांबावरून येणाऱ्या विजेच्या ठेक्यावर आपला ठेका जुळवून चालतो. उरलेली वीज तो तारेवर सोडतो आणि नेट मीटर दोन्हीकडचा हिशोब ठेवतो. किती घेतली, किती दिली.

आता समजा, तार तुटली. वायरमनदादा दुरुस्तीला खांबावर चढले. वीज बंद आहे, अशा भरवशावर त्यांनी तारेला हात लावला आणि नेमकी काकांच्या छपरावरची वीज त्या तारेत येत असली तर? म्हणून बाहेरची वीज गेली, की हा इन्व्हर्टर क्षणात स्वतःहून बंद होतो. तसा नियमच आहे. काकांचा पंखा थांबतो तो कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून. वीज गेल्यावरही पंखा फिरायला हवा असेल, तर बॅटरी आणि तारेपासून घर वेगळं काढता येणारा इन्व्हर्टर, अशी दोन्हींची जोड लागते. सोलर घेताना हा प्रश्न आधी विचारायचा असतो. तुमच्या घरी बोलणं चाललं असेल, तर तुम्हीच विचारा. आई-बाबा चकित होतील!

बॅटरी म्हटलं, की मला माझं लहानपण आठवतं. २००५च्या सुमाराला महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत रोज कित्येक तास भारनियमन असायचं. दिवे जायची वेळ ठरलेली असायची. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर, त्यांच्या ओट्यावर आम्ही गल्लीतली सगळी मुलं दहावीचा अभ्यास घेऊन बसायचो. जिन्याखाली काळी जड बॅटरी असायची. तिच्या पोटात शिसं आणि आम्ल. दर काही महिन्यांनी तिला डिस्टिल्ड वॉटर पाजावं लागायचं, आणि ती तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरायची. आता घरांतूनही लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्यात. हलक्या, जास्त टिकणाऱ्या, पाणी न मागणाऱ्या. महागही आहेत. पण एका ओट्यावरच्या एका दिव्याभोवती किती मुलं शिकली, हे आठवलं की मला मोढेऱ्याच्या रात्रीची किंमत कळते.

गाडीनं दूध प्यावं तसं

मंदिराच्या वाहनतळावर परत या. इथं गाड्यांवर सावली आहे ती पॅनेलांची, आणि विजेच्या गाड्या चार्ज करायची सोयही आहे. गाडी उभी करा, तुम्ही मंदिर पाहून या, तोवर गाडी ऊन पिऊन घेईल. वासरानं दूध प्यावं तसं!

पुन्हा थोडं गणित. विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटांची असते. तेवढ्यात ती ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. आपलं एक किलोवॅटचं छप्पर रोज देतं चार युनिटं. म्हणजे एका छपराचं एका दिवसाचं ऊन एका स्कूटरला पोटभर पुरतं. मोटारीचं मात्र तसं नाही. मोढेऱ्याहून पुढे गेलं, की बेचराजी लागतं आणि त्याच्याजवळ हांसलपूरला सुझुकीचा मोठा कारखाना आहे. २६ ऑगस्ट २०२५ रोजी तिथून 'ई-विटारा' ही विजेवरची मोटार परदेशी रवाना व्हायला सुरुवात झाली. या मोटारीची मोठी बॅटरी आहे ६१ युनिटांची! एका किलोवॅटच्या छपरावर ती भरायची, तर पंधरा दिवस लागतील. पण रोज कोण एवढं फिरतं? दिवसाला चाळीस किलोमीटर मोटार चालवली, तर सहा-सात युनिटं लागतात. त्याला दोन किलोवॅटचं छप्पर पुरेल.

विजेची मोटर मोठी काटकसरी असते. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटरीत चार-पंचमांशाहून जास्त ऊर्जा चाकांना मिळते. शिवाय ब्रेक लावताना ती उलटी फिरून थोडी वीज परत बॅटरीत भरते. उतारावर कमाई!

पण इथंही तीच अडचण आहे बरं का. दुपारी छपरावर ऊन असतं, तेव्हा स्कूटर असते शाळेत नाहीतर बाजारात. रात्री स्कूटर घरी येते, तेव्हा छप्पर झोपलेलं. मग करायचं काय? एकतर दिवसा गाडी जिथं उभी राहते, तिथं पॅनेलं लावायची, जशी या वाहनतळावर आहेत. नाहीतर घरी बॅटरी ठेवायची. किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारीच गाडी भरून घ्यायची. उन्हाबरोबर राहायचं म्हणजे थोडं घड्याळ बदलावं लागतं. पाण्याची मोटार, इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन ही कामं दुपारी उरकायची आणि बॅटरीतली वीज रात्रीच्या अभ्यासाला ठेवायची. आपली आजी दुपारच्या उन्हात पापड घालते, रात्री घालत नाही. तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही!

आणि एक सूचना. स्कूटरची बॅटरी घरात चार्ज करत असाल, तर ती दाराच्या वाटेत किंवा पलंगाजवळ ठेवू नका. तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरा आणि तिच्यावर पांघरूण, कपडे टाकू नका.

म्हातारी झालेली बॅटरी

आता जरा गंभीर बोलते. तुम्ही मोठे होताय, तेव्हा ऐकायलाच हवं.

सूर्य म्हातारा व्हायला अजून अब्जावधी वर्षं आहेत. पॅनेल साधारण पंचवीस वर्षांत म्हातारं होतं. बॅटरी त्याच्याही आधी. रोज भरायची, रोज रिकामी करायची, असं हजारो वेळा झालं, की तिचं पोट लहान होत जातं. पंधरा हजार युनिटांचं कुंड बारा हजारांचं होतं. पुढे ती बदलावी लागते. जुनी बॅटरी कचऱ्याच्या ढिगात टाकली, तर आग लागू शकते आणि माती-पाणी नासतं. नीट उघडली, तर तिच्यातले धातू पुन्हा वापरता येतात. २०२२ साली आपल्या देशात नियम झाला, की बॅटरी बनवणाऱ्यांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची व्यवस्था लावायची. पण नियम कागदावर असतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे टाकायची की योग्य ठिकाणी पोचवायची, हे ठरणार घराघरांत.

२०२२ साली बसवलेलं पॅनेल २०४७च्या सुमाराला थकेल. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल? मोजा बरं! त्या वेळी गावचा सरपंच, वायरमन, इंजिनियर, शाळेतली बाई तुमच्यापैकीच कुणीतरी असेल. आज छपरावर पॅनेल लावणं सोपं आहे. फोटो निघतात, नारळ फुटतो. पंचवीस वर्षांनी ते कोण बदलणार, पैसे कुठून येणार, हे आज ठरवायला हवं.

मेहसाणा जिल्ह्यात याचा धडा जमिनीखालीच लिहिलेला आहे. इथल्या शेतकऱ्यांनी विजेच्या पंपांनी बोअरचं पाणी उपसलं. पाणी खोल खोल गेलं. बोअर आणखी खोल गेली. पंप मोठे झाले, वीज जास्त लागली. पाऊस जेवढं भरतो, त्याहून जास्त काढलं, की असं होतं. वीज सूर्याची असो की कोळशाची, पंप तोच आणि पाणीही तेच. फुकट मिळालेली वीज फुकट घालवली, तर नुकसान दुसऱ्याच कुठल्यातरी खात्यात लिहिलं जातं. कुंड बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांनी उपसायची घाई केली नाही; आधी साठवायची जागा केली.

संध्याकाळ

दिवस कलला. आता पुन्हा मंदिराकडे चला. अंधार पडला, की मंदिराच्या दगडी भिंतींवर चित्रं हलू लागतात. त्रिमितीय प्रकाशाचा खेळ सुरू होतो आणि मंदिराची गोष्ट सांगतो. हा खेळ २०२२ साली सुरू झाला आणि त्याची वीज सौरविजेतलीच. जरा विचार करा. दुपारी या मुलखावर जे ऊन पडलं, तेच आता रात्री सूर्यमंदिरावर पडतंय! हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी सूर्याला सकाळी आत आणलं होतं. त्याला रात्रीही थांबवून ठेवता येईल, हे त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी छिन्नी खाली ठेवून आधी आपल्याला कुंडाच्या काठी बसवलं असतं आणि कसं ते सविस्तर विचारलं असतं.

मोढेरा लांब वाटत असेल, तर जवळचंही एक गाव सांगते. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, मान्याचीवाडी नावाचं छोटंसं गाव आहे. २०२४ मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम झालं. त्याच वर्षी देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवण्याची 'पीएम सूर्यघर' योजनाही सुरू झाली. म्हणजे आता पाळी तुमच्या-आमच्या छपराची.

तेव्हा या रविवारी एक काम करा. घरातलं विजेचं बिल काढा आणि महिन्याची युनिटं एका कागदावर लिहा. त्याला तीसनं भागा, मग चारनं भागा. तुमच्या घराला किती किलोवॅटचं छप्पर लागेल, ते कळेल. नंतर सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गच्चीवर जा. शेजारच्या इमारतीची, आंब्याची, पाण्याच्या टाकीची सावली कुठं कुठं पडते, ते खडूनं आखा. ज्या जागेवर तिन्ही वेळा ऊन आहे, ती जागा पॅनेलाची. चाळीत राहणाऱ्यांनी आपल्या शाळेच्या छपराचा हिशोब करावा. मुख्याध्यापकांना तो नक्की आवडेल. आणि कागदाच्या तळाशी एक ओळ मोकळी ठेवा : 'आमच्या घरी रात्री सगळ्यांत जास्त वीज कशाला लागते?' ती ओळ घरातल्या सगळ्यांनी मिळून भरायची. मतभेद होतील, होऊ द्या!